वीस कसले?

१२ जानेवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार रिवाज म्हणून लिहिला आहे. हात जोडलेले नाहीत, कमरेवर आहेत. फोनवर हे बोलणार नाही, कारण फोनवर मी चिडले की रडते आणि मग तू मोठेपणाने मलाच समजावत बसतोस.

तू बाबांना धाडलेलं पत्र त्यांनी शिवणाच्या मशीनसमोर भिंतीला टाचून ठेवलंय. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी वीस तरी उतरवा, वीस उतरले की मी तिकीट काढतो आणि ऑपरेशनला स्वतः उभा राहतो, असं तू लिहिलंस. झालं! त्या दिवसापासून ताट निम्मं, रात्रीचं जेवण बंद, चहात साखर नाही. सर्जन म्हणाले होते की आठ-नऊ कमी झाले तरी पुष्कळ. मी ते बाबांना दहादा सांगितलं, तर म्हणतात थोरला वीस म्हणालाय. सर्जनपेक्षा तू मोठा!

पाच उतरले आहेत. रोज सकाळी काट्यावर चढतात आणि उतरल्यावर तुझ्या पत्राकडे बघतात. आई असती तर तिने काटाच रस्त्यावर फेकला असता. माझं कोण ऐकतं? दोन वर्षं तू परदेशातून आलेला नाहीस, आणि येण्याला ही असली अट घातलीस. उंटावरून शेळ्या हाकणं थांबव आणि आकडा कमी कर.

लोभ आहे म्हणून तर भांडते आहे.

तुझी,
टाचणी

---

३ फेब्रुवारी

चि. टाचणीस,

अ. उ. आ. पत्र बोचलं. बाबांनी तुझं नाव उगाच नाही ठेवलेलं.

पण पाचासाठी एवढा आकांत? पाच तर पाण्याचेच कमी-जास्त होतात! मी स्वतः गेल्या वर्षी बारा उतरवले, आणि गोदामात माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही लागला नाही. तुझ्या वहिनीने तर मलाच विचारलं की नक्की काही केलंस का. तुमचे सर्जन आठ-नऊवर खूश होतात म्हणजे पेशंटचे लाड करतात, दुसरं काय.

मी इथे सकाळपासून पार्सलं तोलतो, वजनातलं मला शिकवू नकोस. रजा मला वर्षातून एकदाच मिळते. मी तिथे यायचं आणि ऐन वेळी सर्जनने वजन जास्त म्हणून तारीख पुढे ढकलायची, हे मला परवडणार नाही. बाबा प्रथमच कुणाचं ऐकताहेत तर त्यांना ऐकू दे. तू मध्ये खोडा घालू नकोस.

राग गिळ, पाणी पी, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

दादा

---

६ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुझ्या बारांचं कौतुक वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. तुझे बारा शेजाऱ्याला कळले नाहीत. इथे बाबांचे नऊ झालेत, तर गिऱ्हाईकं मला बाजूला घेऊन हळूच विचारतात की मास्तरांना नेमका आजार कोणता. एका बाईने ब्लाउजचं कापड परत नेलं. म्हणाली, त्यांचा हात कापतोय, कात्री तिरकी जाईल.

बाबांनी स्वतःच्या पँटी दुसऱ्यांदा आत घेतल्या. इतकी शिलाई आत गेलीय की मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला आलेत. मला हसू आलं नाही. पायडल चार वेळा मारलं की दम लागतो, मग कॉलरला काजं करायची आहेत असं सांगून उगीच बसून राहतात. काल मी ताट पूर्ण वाढलं तर त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, माझा मुलगा यायचा आहे, मध्ये पडू नकोस. मी त्यांची कुणीच नाही, दादा? रोज ताट मी वाढते, आणि मुलगा म्हणजे तू!

तुझ्याकडे एकच मागणं आहे. त्यांना एका ओळीचं पत्र लिही. 'पुरे' एवढंच लिही. ते फक्त तुझं ऐकतात.

आपुलकी उरली असेल तर उलट टपाली लिहिशील.

टाचणी

---

२७ मार्च

चि. टाचणीस,

अ. उ. आ. 'पुरे' मी लिहिणार नाही. नऊ म्हणजे अर्धाही रस्ता नाही. आपल्या घरात सगळ्या गोष्टी अशाच अर्ध्यावर सुटल्या, माझा क्लास, तुझी नोकरी, आईचं औषधपाणीसुद्धा. या वेळी एक तरी गोष्ट तडीला जाऊ दे.

दम लागतो तो वयाने आणि गुडघ्याने लागतो, नवाने लागत नाही. बाबांना मी वेगळं पत्र टाकलंय. शाबासकी दिली आहे आणि लिहिलंय की अजून अकरा, ढिले पडू नका. ते लपवून ठेवू नकोस, मी तुला ओळखतो.

भांडलीस तरी माझीच आहेस.

दादा

---

२२ एप्रिल

दादा,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही. लपवलं नाही तुझं पत्र. लपवायला हवं होतं.

बाबा कटिंगच्या टेबलाशी उभ्या उभ्या कोसळले. हातात कात्री होती. नशीब, ती पलीकडे पडली. मी हे हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या बाकावर लिहिते आहे, आत त्यांना सलाईन लावलंय. सर्जन माझ्यावरच ओरडले. घरात तुम्ही होता की नाही, विचारलं. रक्त इतकं कमी आहे की या अंगावर सुरी लावणार नाही, असं सांगून त्यांनी ऑपरेशन रद्द केलं. पुढे कधी, तर आधी माणूस उभा राहू दे म्हणाले.

सोळा किलो, दादा. सोळा किलो बाप कमी झालाय. काठोकाठ भरलेली बादली उचलून बघ एकदा, तेवढं त्यांनी अंगातून उपसून काढलं, तू यावास म्हणून. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न काय विचारला असेल? आता चारच राहिले ना, असं विचारलं. मी बाहेर येऊन भिंतीवर डोकं आपटून घ्यायची बाकी होते.

तुझा आकडा तुझ्यापाशी ठेव. मला उत्तर नकोय, मला तू इथे हवा आहेस.

टाचणी

---

५ मे

चि. टाचणीस,

अ. उ. आ. सोळा किलो? तू किलो लिहिलंयस. आधीच्या पत्रांतले पाच आणि नऊ हेही किलोच होते का?

मी पौंड म्हणत होतो. इथे सगळं पौंडात चालतं, गोदामातला काटा, डॉक्टरचा काटा, घरातला काटा. बाबांच्या रिपोर्टवर चौऱ्याऐंशी किलो होतं, त्याचे मी एकशे पंच्याऐंशी पौंड केले. एकशे पासष्ट झाले तर छान, म्हणून वीस लिहिले. वीस पौंड म्हणजे फक्त नऊ किलो गं! तुमचा सर्जन तेच सांगत होता. तू मार्चमध्ये नऊ लिहिलंस तेव्हाच काम झालं होतं, आणि मी वर अकरा राहिले म्हणून कळवलं. सोळा किलो म्हणजे पस्तीस पौंड होतात. वहिनीने तीनदा मांडून बघितलं, तरी तेवढेच येतात.

पण तुम्हालाही एकदा किलो लिहिता आलं नाही? आपल्या दुकानात वाढल्याचा हा परिणाम. कंबर चौतीस, बाही चोवीस. इंच हा शब्द कुणी उच्चारला नाही कधी. मीही तसंच वीस लिहून मोकळा झालो. सगळं खापर माझ्या एकट्याच्या माथ्यावर फोडू नकोस.

बाबांना भरपूर खाऊ घाल. ऑपरेशनच रद्द झाल्यामुळे आत्ता रजा घेऊन उपयोग नाही, पुढची तारीख ठरली की बघतो. तोवर त्यांचं वजन दर आठवड्याला कळवत जा. किलोतच कळव.

माझ्याबद्दल वाईट धरू नकोस.

दादा

---

१८ मे

चि. थोरल्यास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मी स्वतः लिहितो आहे, अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे. घरी आलो आहे. दोन्ही वेळा जेवतो.

टाचणीने तुझं पत्र वाचून दाखवलं. शेवटपर्यंत वाचलं आणि टेबलावर असं आपटलं की बॉबिनचा डबा खाली सांडला. त्याने एकदा तरी पौंड लिहायचं होतं, म्हणाली. मी म्हटलं, मी एकदा तरी विचारायचं होतं. गिऱ्हाईक आकडा सांगतं, पण मनात शंका आली तर मी विचारतो. तुला विचारलं नाही, कारण तू आकडा वाढवशील अशी भीती वाटली. बापाला मुलाची अशी भीती वाटते, याचा मला जास्त राग आला. पौंडाचं मला काही नाही. चुका होतात, उसवून परत शिवता येतं.

राग आणखी एका गोष्टीचा आहे. मी किती उतरलो हे तू प्रत्येक पत्रात बघितलंस. चुकून का होईना, नऊला तुझा वायदा पुरा झाला होता, हे आता तुला कळलंय. तरीही तू रजेचा उपयोग विचारतोस. पोटाला चिमटा काढून मुलगा येत नसतो, हे मला या वयात कळलं. काटा मी हॉस्पिटलच्या वॉर्डबॉयला देऊन टाकला. आठवड्याला वजन कळवायला तो आता घरात नाही, आणि टाचणीने तसं काही कळवलं तर तिलाही बोलणार आहे.

काल हात स्थिर वाटला, म्हणून तुझ्यासाठी शर्ट बेतायला घेतला. निळं कापड टेबलावर पसरलं, खडू घेतला, आणि तुझी छाती किती ते मला सांगता येईना. तू गेलास तेव्हा अडतीस होती. आता तू बारा उतरवलेस म्हणतोस, तेही पौंड.

कापड तसंच पसरून ठेवलंय, दुसरं काम त्यावर घेत नाही. अंगाला टेप लावल्याशिवाय मी कात्री चालवणार नाही. माप पत्राने कळवू नकोस.

तुझा,
बाप