मानेतली गोळी पत्नीच्या नावे

मी, पोलीस खात्यातला निवृत्त हवालदार, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय ही माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो. दबाव आहे तो फक्त मानेत. कामावर असताना लागलेल्या गोळीचा तुकडा तिथे मणक्याला खेटून बसला होता; गेल्या तपासणीत तो सरकलेला दिसला. डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो दोनदा उजेडाला धरून पाहिला. मी काय ते समजलो.

राहते घर पत्नीच्या नावे. थोरल्या भावाला त्यातली वीटही मिळणार नाही. मी इस्पितळात पडलेलो असताना "पोलीस म्हणजे सरकारचे जावई, त्यांना काय कमी!" असं तो माझ्या उशाशी बसून म्हणाला होता.

निवृत्तीनंतर मी कुलपं दुरुस्त करायचो, ती हत्यारं मुलीला. कानशीवर तिचा हात माझ्यापेक्षा बरा बसतो. मदतीचा मोठा धनादेश हातात धरून साहेबांसोबत काढलेला फोटो ज्याला हवा त्याने न्यावा. धनादेश पुठ्ठ्याचा होता, फोटो झाल्यावर परत नेला. खरा मिळवायला पत्नीला कचेरीचे उंबरे झिजवावे लागले.

आता मुख्य गोष्ट. जखमी पोलिसांच्या मदतनिधीतून मला दरमहा रक्कम मिळते. मरण त्याच जखमेने आलं असं शवविच्छेदनात निघालं, तरच ती पुढे पत्नीला हयातभर मिळेल. अहवाल नसेल तर बंद. म्हणून माझं शवविच्छेदन झालंच पाहिजे.

हे लिहावं लागतं, कारण आमची माणसं मायेपोटी घात करतात. माझा जोडीदार त्याच गोळीबारात जखमी झाला होता. पुढे तो गेला तेव्हा आमच्या जमादाराने डॉक्टरांचे हात धरले. "आपल्या माणसाची चिरफाड नको, साहेब. खूप सोसलंय त्यानं." डॉक्टर विरघळले, दाखल्यावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं. आम्ही सलामी दिली, ढसाढसा रडलो. आज त्याची बायको आमच्याच चौकीत फरशी पुसते आणि आम्ही पाय वर घेऊन बसतो.

म्हणून त्याच जमादाराला मी साक्षीदार केलं आहे. वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "तुझ्या बाबतीत मला नाही जमायचं रे."

मी म्हणालो, "मग चौकीत आणखी एक बादली आणून ठेव."

तो सही करायला तयार झाला.

पत्नी मात्र ऐकत नाही. "मला पैसे नकोत. तुमच्या अंगाला कुणी सुरी लावायची नाही," म्हणून आत जाऊन बसली आहे. तिच्यासाठी लिहितो: अगं, मला तेव्हा दुखणार नाही. तुला पुढे जगायचं आहे, याचीच मला भीती वाटते. कोणी मायेने समजवायला आलं तर दार उघडू नकोस.

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली. तारीख साक्षीदारांनी घातली आहे.

साक्षीदार : १) जमादार, जुना सहकारी (सही)
२) शेजारचा औषध दुकानदार (सही)

दुकानदाराची नोंद : मजकूर हवालदारांनी आमच्यासमोर वाचला. सही करताना पेन त्यांच्या हातातून पडलं. उचलून दिलं, पुन्हा पडलं. बोटं वळेनात. तेव्हा वहिनी आतून आल्या, हवालदारांचा अंगठा शाईत बुडवून त्यांनी कागदावर टेकवला आणि जमादारांना म्हणाल्या, "भावजी, डॉक्टरांना मीच सांगेन."