लोखंडी टोपीचे बूट

बडोदे

ती. सौ. सुहासिनीताईस, विश्वंभरचा वाकून नमस्कार.

तुझी कौमुदी मनालीचा ट्रेक करून माझ्याकडे सुखरूप पोचली. नीट जेवते. पायाची दोन बोटं बधिर आहेत, पण डॉक्टर म्हणतात, हळूहळू सुधारतील.

फोनवर सांगायला तोंड नाही, ताई. तिला दुकानातले हलके, उबदार बूट आवडले होते. मीच म्हणालो, "कोयलीच्या रिफायनरीत अख्ख्या प्लान्टचे सेफ्टी शूज मी निवडतो. मामाला शिकवतेस?" आणि बोटांवर लोखंडी टोपी असलेले तसलेच घ्यायला लावले. बर्फात ते लोखंडच गारठलं.

डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी निवडले?"

कौमुदी चटकन म्हणाली, "मीच."

मी खाली मान घालून तिच्या बुटांच्या नाड्या गुंडाळत राहिलो.

भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांनाही हे वाचून दाखव. काही गाळू नकोस.

तुझा,
विश्वंभर