चौथी मागणी

बिरकत अल अवामेर, कतार
शुक्रवार, दुपार

प्रिय अक्का,

माझ्या खोलीतला सचिन, गडहिंग्लजचा, उद्या सुट्टीवर गावी निघालाय. त्याच्याजवळ हे पत्र देतोय. रोज हातात फोन असताना ह्याला कागद कुठून सुचला, असं तुला वाटेल. पण फोनवर तू मध्येच बोलायला लागतेस आणि मी "बरं, बरं, बघतो" म्हणून ठेवून देतो. चार महिने तेच चाललंय. गेले तीन शुक्रवार लिहायला बसलो आणि फाडून टाकलं. खोलीत सहा जणांत नीट बसताही येत नाही. कुणी डाळीला फोडणी घालतोय, कुणी बायकोशी मोठ्यानं बोलतोय. म्हणून आज माझ्या बसमध्ये येऊन बसलोय. इंजिन चालू ठेवलंय, नाहीतर दहा मिनिटांत माणूस भाजून निघेल. दोनदा उतरून बसभोवती फेरी मारून आलो. पायाला स्वस्थता नाही आणि हाताला तर नाहीच.

तू पाठवलेला व्हिडिओ मी किती वेळा बघितला ते विचारू नकोस. तहसील कचेरीसमोर तू उभी, हातात माईक, समोर दोनअडीचशे माणसं. अक्का, दाजी गेल्यावर आई-आबांजवळ राहायला आलीस तेव्हा ग्रामपंचायतीतसुद्धा दाराशी उभी राहायचीस. आता शेतीसंरक्षण परवानाधारकांची सगळी संघटना तुझ्यामागं उभी आहे. मला अभिमान वाटला, हे आधी लिहून ठेवतो. तुमचं म्हणणं खोटं आहे असं मला वाटत नाही. प्रत्येक निवडणुकीला बंदुका पोलिसात जमा करायच्या, महिना-दोन महिने त्या तिथं पडून राहणार आणि इकडं गवे ऊस लोळवून जाणार. परवान्याच्या नूतनीकरणाला वर्षवर्ष हेलपाटे. आणि मुक्ताबाईंचं काय झालं ते तूच मला सांगितलंस. एकटी म्हातारी, वस्तीवरचं घर, दोघे दार फोडून आत आले आणि पाटल्या निघेनात म्हणून मनगट मोडलं. हे ऐकून मी इथं दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. आपलं घरही तसंच, गावापासून लांब, आत तुम्ही दोघीच. म्हणून बंदूक नको असं मी म्हणणार नाही.

पण त्या व्हिडिओत तू आबांची गोष्ट सांगायला लागलीस की मी फोन उलटा करून ठेवतो. "चार जण होते. हातात कोयते. माझे वडील घरात एकटे. त्यांनी एक गोळी झाडली आणि चौघं पळाले. अंगणातल्या फरशीवर रक्त सांडलं होतं, मी माझ्या हातानं धुतलंय." लोक टाळ्या वाजवतात. मग तू मागण्या वाचतेस. पहिल्या तीन मला तोंडपाठ आहेत. आणि चौथी: घरात शिरलेल्या माणसावर घरमालकानं गोळी झाडली तर त्याच्यावर गुन्हा नोंदवू नये, आणि आधी हाक दिली होती का, हे त्याला विचारू नये. ती वाचताना तुझा आवाज चढतो. परवा बंदुकीच्या ना-हरकतपत्रावर माझी सही आणि आबांची गोष्ट खरी म्हणणारा माझा व्हिडिओ मागताना तू चिडून म्हणालीस, "सख्ख्या बापाच्या बंदुकीसाठी तुला एक सही जड झालीय का रं?" मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, कतारला जाऊन हा परका झाला.

माझा उजवा खांदा धरलाय, हे तुला सांगितलं नव्हतं. रमजानपासून दुखत होता. पहाटे कॅम्पातून साठ माणसं भरायची आणि अल रय्यानच्या साईटवर सोडायची, संध्याकाळी परत आणायची. एवढ्या फेऱ्यांत स्टिअरिंग सारखं फिरवावं लागतं. एक दिवस गोल चौकात हात वळेचना. मागचे लोक "यल्ला, यल्ला" ओरडतायत आणि मी घामानं भिजून बसलोय. सुपरवायझरनं दवाखान्यात पाठवलं. तिथं एक्स-रे काढणाऱ्या बाई वसईच्या निघाल्या, क्रिस्टी नावाच्या. माझं नाव वाचून मराठीत बोलायला लागल्या. इतक्या दिवसांनी बाईमाणसाच्या तोंडून समोरासमोर मराठी ऐकलं आणि उगाच भरून आलं. फोटो निघाला तशा त्या आतून बाहेर आल्या. "भाऊ, हे काय आहे? छर्रे आहेत ना हे?" मी म्हणालो, गावाकडं डुकराच्या शिकारीत चुकून लागले. त्यांनी माझ्या पाठीकडं बघितलं, शर्ट काढलेलाच होता. "हे तर मागून लागलेत. डुकराकडे पाठ करून उभे होतात का?" आणि हसल्या. मला हसता येईना. मी तिथल्या स्टुलावर बसलो ते पाच मिनिटं उठलोच नाही. त्या बिचाऱ्या घाबरल्या, पाणी आणून दिलं, पुन्हा काही विचारलं नाही.

अक्का, चार जण आले नव्हते. एकच होता. तो मी होतो.

हे वाक्य लिहून मी बसमधून खाली उतरलो होतो. आता परत आलोय, तर सगळं सांगून टाकतो. तुला आठवत असेल, त्या वर्षी मी कोल्हापुरात पासपोर्ट काढून घेतला आणि आबांना कळल्यावर केवढं भांडण झालं. "एकुलता एक पोरगा, शेत काय गव्यांच्या नावावर करू?" असं ते म्हणाले आणि पासपोर्ट ट्रंकेत घालून किल्ली करगोट्याला बांधली. मी घर सोडलं, गोव्यात म्हापशाला एका हॉटेलात भांडी घासायला लागलो; गोव्यात आहे, एवढंच घरी कळवलं होतं. तीन महिन्यांनी दोह्याला ड्रायव्हर पाहिजेत म्हणून कळलं. पासपोर्टशिवाय काय करणार? मामाच्या रेखाच्या लग्नाला तुम्ही सगळे गडहिंग्लजला जाणार, हे मला माहीत होतं. घर रिकामं असेल असं धरून मी तिन्हीसांजेला मित्राच्या मोटारसायकलवरून फाट्यावर उतरलो आणि ओढ्याकडून गोठ्याच्या बाजूनं आत शिरलो. गाय व्यायला झालीय म्हणून आबा लग्नाला गेलेच नाहीत, हे मला कुठं ठाऊक? ते गोठ्याच्या पलीकडं वैरण काढत होते, गव्यांसाठी बंदूक जवळच ठेवलेली. लाईट गेलेली. मी ट्रंकेची कडी पहारेनं उचकटली, तो आवाज त्यांनी ऐकला.

पासपोर्ट खिशात घालून मागच्या दारातून बाहेर पडलो आणि आबांचा आवाज आला. "कोण हाय रं तिकडं?" मी जागच्या जागी उभा राहिलो. परत ओरडले, "कोण हाय? बोल, न्हाईतर गोळी घालतो." अक्का, मला बोलायला पुरेसा वेळ होता. 'आबा, मी हाय' एवढंच म्हणायचं होतं. पण बापाच्या घरात चोरासारखा शिरलेला, हातात पहार, काय तोंड दाखवू? मी पहार टाकली आणि पळालो. अंगणाच्या मध्यावर असताना बार झाला. पाठीवर कुणीतरी निखाऱ्यांची पाटी उलटी केली असं वाटलं. मी ओरडलो, "आई गं!" आणि माझा आवाज ऐकून आबांनी हाक मारली, "जालू?" एकदाच. त्या हाकेत काय होतं ते मला लिहिता येत नाही. मी थांबलो नाही. ओढा ओलांडून फाट्यावर कसा पोचलो, मोटारसायकलवर कसा बसलो, काही नीट आठवत नाही. म्हापशाच्या हॉटेलातल्या आचाऱ्यानं ओळखीच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी बरेच छर्रे काढले, तीन आत राहिले. तू धुतलेलं रक्त माझं होतं.

सकाळी लोक जमले तेव्हा आबांनी चौघांची गोष्ट सांगितली. ट्रंक चोरांनी फोडली म्हणाले, आणि माझा पासपोर्ट आपणच आधी मला पाठवून दिला होता, असं तुला सांगितलं. आधी मला वाटायचं, स्वतःच्या अब्रूसाठी सांगितली असेल. आता वाटतं, माझ्यासाठी सांगितली. एकजण म्हटलं असतं तर कोण, कुठला, शोध लागला असता. पोलिस आले, पंचनामा झाला. पुढं त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार ठरला आणि पोटात दुखतंय म्हणून ते घरात झोपून राहिले. तूच त्यांच्या वतीनं शाल घेऊन आलीस आणि त्यांच्यावर रागावलीस. त्यानंतर त्यांनी बंदूक हातात धरलेली तू बघितलीस का? नजर कमी झाली, म्हणायचे. त्याच नजरेनं पुढं दहा वर्षं ते सुईत दोरा ओवत होते.

दोन वर्षांनी मी पहिल्यांदा सुट्टीवर आलो, आजऱ्याच्या स्टँडवर उतरलो. आबा घ्यायला आले होते. मला वाटलं, आता विचारतील. पायाला हात लावला, त्यांनी पाठीवरनं हात फिरवायला नेला आणि मध्येच थांबवला. मग माझ्या उजव्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली. मी द्यायला तयार नव्हतो, इतकी ओढाताण करायला लागले की लोक बघायला लागले. नंतर प्रत्येक सुट्टीला तेच. मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत. आणि गेल्या वर्षी ते गेले. मी इथं मोबाईलच्या पडद्यावर त्यांना बघत होतो, नाकात नळी, तू फोन धरला होतास. तेव्हा सांगायचं होतं. पण तू तिथं होतीस, डॉक्टर होते, आणि नेटवर्क सारखं तुटत होतं. असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मला धीर झाला नाही.

परवा आईला फोन करून सगळं सांगितलं. तू वैरणीला गेली होतीस. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "मला ठावं हाय. लग्नासनं आले त्याच राती तुझ्या बानं सांगितलं." मग तिनं पुढचं सांगितलं. पंचनामा उरकल्यावर काजूचा भाव काढायला म्हणून आबा गेले आणि आठ दिवसांनी परतले, ते गोव्यात होते. पणजीपासून एकेका सरकारी दवाखान्यात जाऊन, खांद्याला लागलेला पोरगा आला होता का, म्हणून विचारत फिरले. चार महिन्यांनी कतारहून माझा पहिला फोन आला आणि तू तो त्यांच्याकडं दिलास, तेव्हा ते काही न बोलता बाहेर निघून गेले होते. तू मला म्हणालीस, "आबा अजून रागात हाईत." आई म्हणते, ते गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्यात पडून रडत होते. इतकी वर्षं ही बाई हे पोटात ठेवून तुमच्या दोघांत बसलीय, अक्का. तिच्यावर रागावू नकोस. आबांनीच तिला शपथ घातली होती.

आता कशासाठी लिहिलं ते सांगतो. बंदूक तुझ्या नावावर करायला माझं ना-हरकतपत्र हवंय, ते सोबत जोडलंय. एम्बसीत रांगेत उभं राहून सही साक्षांकित करून आणलीय. परवाना तूच घे, माझी काही हरकत नाही. पण अठरा तारखेला आमदारांची समिती कोल्हापूरला लोकांचं म्हणणं ऐकायला येतेय, त्यांच्यापुढं तू आबांची गोष्ट सांगणार आणि चौथी मागणी तिच्यावर उभी करणार. माझा व्हिडिओ तुला त्यासाठीच हवा होता. तो मी पाठवणार नाही. मी स्वतः येतोय. समितीच्या कार्यालयाला ईमेल करून नाव दिलंय, पंधराचं तिकीट काढलंय, एक्स-रे बॅगेत घातलाय. निवडणुकीत बंदुका जमा करायला लावू नका, परवान्याला उशीर करू नका, हे मी तुझ्याइतक्याच जोरात सांगेन. पण आबांनी दोनदा हाक मारली होती, आणि तरीही पुढचं आयुष्य त्यांना कसं काढावं लागलं, तेही सांगेन. हाक मारायचीच गरज नाही, असा कायदा माझ्या बापाच्या नावानं मला होऊ द्यायचा नाही. ह्यानं तू सगळ्यांपुढं खोटी ठरशील, संघटनेतले लोक तुला काय काय बोलतील, ह्या विचारानं मला झोप नाही. म्हणून हे तुला माझ्या तोंडून त्या सभागृहात पहिल्यांदा कळू नये. समितीनं पाठवलेल्या यादीत तुझा नंबर सातवा आहे, माझा आठवा. सातव्या नंबरला काय बोलायचं, ते तू हे वाचून ठरव. मी खरं तेच बोलणार आहे.

तुझाच, पाठचा भाऊ,
जालू