आंब्याची थंड कॉफी

ताई, तुझ्या धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे, एवढंच आईला मोठ्याने वाचून दाखव. फोनवर ती शेजारीच असते, म्हणून पुढचं पत्रात लिहितेय.

ताप गेला, पण तोंडाची चव गेली ती परत आलीच नाही. महिना झाला गं! कॅफेत कुणाला कळलं तर माझं काम गेलंच. आणि मालकीणबाईंना माझ्या हातचं नवं पेय हवंय.

तू घरी करून बघ. कडक कॉफी गार कर. गोठवलेल्या आंब्याच्या फोडी, दूध, दोन चमचे पिठीसाखर आणि बर्फ घालून मिक्सरमधून काढ. कडवट लागते का, आंबा कळतो का, सगळं लिही. दादालाही पाज, तो तोंडावर खरं बोलतो. आईचे गुडघे कसे आहेत?

काल मालकीणबाईंसमोर मी अर्धा ग्लास प्यायले आणि "मस्त झालंय" म्हणाले. त्यांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तुला खरंच आवडलं?"

मी हो म्हणाले. बरणी नंतर बघितली. ती मिठाची होती.

लगेच लिही, ताई.

तुझ्या जिभेच्या भरवशावर,
धाकटी