कूर्चेचा सूड

३ मार्च, सकाळ
लॅबचा अहवाल छापून आला. आभारांच्या यादीत माझं नाव सगळ्यात शेवटी. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्याही खाली! यादी केली टापटीपने. म्हणजे शेजारच्या टेबलावरची बाई; पेनांनासुद्धा लेबलं लावते, म्हणून हे नाव मीच ठेवलंय. आता सूड. थंड डोक्याने.

५ मार्च
संधी चालून आली. झिजलेल्या गुडघ्यांतून काढलेल्या कूर्चेच्या, म्हणजे सांध्यातल्या मऊ हाडाच्या, पेशी सरांनी आम्हा दोघांना वाटून दिल्या. ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींचं टॉनिक, घालून वाढवायच्या; दोघांना एकेक बाटली. तीन आठवड्यांनी ज्याची कूर्चा चांगली, प्रोजेक्ट त्याचा. म्हणजे माझाच.

६ मार्च, दुपारी १.२०
टापटीप जेवायला गेली. तिच्या बाटलीतला बराचसा ग्रोथ फॅक्टर माझ्या बाटलीत ओतला. तिच्या बाटलीत साधं द्रावण.  

१२ मार्च
माझ्या पेशी धडाधड वाढतायत! डिशमध्ये मुंगी शिरायला जागा नाही. तिच्याकडे चार टाळकी. माझं काही चुकतंय का हो, असं विचारत होती बिचारी. म्हटलं, एकेकाचं नशीब. आज डबा फार गोड लागला.

१८ मार्च
पेशी जरा चपट्या, लांबट दिसतायत. जोमाचं लक्षण. बायकोला सांगितलं, टापटीपची जिरवतोय. तर म्हणे, तिने तुमचं काय घोडं मारलंय? हिला विज्ञान कळत नाही.

२५ मार्च
उद्या निकाल. भाषण पाठ. तिचे आभार मानायचे, सगळ्यात शेवटी.

२६ मार्च
सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. माझ्या पेशी ढीगभर, कूर्चेचा पत्ता नाही. म्हणाले, नुसत्या वाढत सुटल्या, कूर्चा बनवायचंच विसरल्या. तिच्या मोजक्याच, पण गोल गरगरीत, भोवती घट्ट कूर्चा. सर खुर्चीवरून उठलेच. कमी डोसमुळेच हे जमलं, ही कल्पना कुणाची?
माझी! अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं.
टापटीप खरं तेच बोलली. ठाऊक नाही सर, बाटलीच पातळ आली असावी. प्रोजेक्ट तिला. बाटली नेमकी किती पातळ होती, ते शोधायचं काम मला.
मी अंदाजाने ओतलं होतं.

२७ मार्च
टापटीपने नवी यादी दाखवली. शोधून काढणार म्हणून माझे खास आभार. या वेळी फ्रिजवाल्याच्या वर.