पिंप गप्प झालं

१२ ऑक्टोबर
हात काळे पडलेत. सफरचंदाच्या रसापुढे साबण हरतो! दिवसभर मी आणि दादा—फळं धुवायची, ठेचायची, लगदा फडक्यात बांधून प्रेसखाली रचायचा, चाक फिरवायचं. गोड फळं तीन वाटे, कडू एक. कडू घालताना आई दरवर्षी नाक मुरडते. पण नुसत्या गोड फळांचा रस आंबवला तर सायडर मिळमिळीत होतं.

मोठं पिंप भरलं. बाबा गेल्यानंतर हे पहिलंच, एकट्या माझ्या भरवशावर. जमलं तर सायडर चालू. फसलं तर पुढच्या वर्षीपासून सगळी फळं ज्यूस फॅक्टरीला आणि मी शहरात, मावशीकडे, नोकरीला. असंच ठरलंय. दादा फॅक्टरीच्या बाजूचा.

१६ ऑक्टोबर
बोललं! पिंपाच्या तोंडावरच्या नळीतून बुडबुडे. दुपारी तिथेच, शेडमध्ये, पालथ्या बादलीवर बसून जेवले. आई म्हणाली, "लग्नच लाव आता त्याच्याशी."

१९ ऑक्टोबर
पिंप गप्प. एकही बुडबुडा नाही. रस अजून गोडमिट्ट, म्हणजे आंबणं मधेच थांबलं. तोंडाशी नाक नेलं तर विझलेल्या काडीचा वास. गंधकाची पूड! बाटल्या धुवायला आणतो ती. चिमूटभर चालते, जास्त पडली की यीस्ट मरतं. डबा पाहिला—रिकामा. आणि बाटल्या दादाच धुतो.

२० ऑक्टोबर
विचारलं. तर म्हणे, "तुला काय समजायचं ते समज." मान वर केली नाही. चोराच्या मनात चांदणं!

मी नाही नाही ते बोलले. केसाने गळा कापलास, बाबांनी तुला दारात उभं केलं नसतं—सगळं. तो ऐकत राहिला. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, तो हा. रडू येतं, आणि रडण्याचाच राग येतो.

२४ ऑक्टोबर
अबोला.

२५ ऑक्टोबर
फॅक्टरीचा माणूस बाग बघून गेला. दादाने त्याला चहा दिला. मी खोलीबाहेर आलेच नाही. मावशीला फोन केला, येते म्हणून सांगितलं.

२७ ऑक्टोबर
बॅग भरत होते. आई आपणहून मदतीला आली. माझ्या स्वेटरची घडी घालता घालता म्हणाली, "दादाला बोल लावू नकोस. पूड मी ओतली. त्या शेडमध्ये माझा जन्म गेला, तुझा नको जायला." दादाने तिला ओतताना पाहिलं होतं. तिनेच त्याला शपथ घातली, गप्प राहायची.

बॅग पलंगावर पालथी केली आणि दादाला शोधायला बागेत गेले.