चहाच्या पाण्याची वेस

३ नोव्हेंबर
आली यंदाची पत्रिका! इतिहास मंडळाची छायाचित्र स्पर्धा — ‘धोक्यातल्या जुन्या वास्तू’. म्हणजे कल्याण पुन्हा मिरवणार.

गेल्या वर्षी पहिला आलेला फोटो माझा होता. कल्याणच्या स्टुडिओत मोठा करायला दिला, त्यानं तो स्वतःच्या नावानं पाठवला. शाल-नारळ घेतला, आणि मी पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत बसले! नंतर म्हणे, ‘‘घाईत गफलत झाली गं.’’ गफलत! माईक हातात होता की.

विसरलेली नाही मी.

५ नोव्हेंबर
मंडळाचे चिटणीस सहादेव सर दारात. ‘‘जी इमारत पहिली येईल तिचं पाडकाम थांबवायला मंडळ फोटो जोडून अर्ज देणार. समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी, शेवटची तारीख आहे ती. वसतिगृहाचा फोटो दे, सत्यशीला.’’

भिंगारचं वसतिगृह. बाबा तिथं राहून मॅट्रिक झाले. दर चौदा एप्रिलला आम्हा भावंडांना ती खोली दाखवायला न्यायचे. खिडकीच्या चौकटीवर त्यांनी चाकूनं कोरलेलं नाव अजून आहे. आता चारी बाजूंनी पत्रे ठोकलेत, कुणाला आत सोडत नाहीत. त्याआधी काढलेला फोटो फक्त माझ्याकडे. मागं माझं नावही लिहून ठेवलंय — शहाणी झालेय आता!

दिला नाही. जीव तुटला, पण नाही दिला. आधी कल्याणचं नाक कापलं जाऊ दे, मग बघू.

९ नोव्हेंबर
सुचलं!!

मावसभाऊ कारभारी आला होता. गवंडीकाम करतो. भिंगारच्या पुढं ते बंद पडलेलं मंगल कार्यालय आहे ना, त्याची कमान झुडपात बुडालीय. पार जुनाट दिसते. म्हटलं, कुणी बांधली असेल?

‘‘कुनी म्हंजे? म्याच की आक्का! सा वर्सं झाली. मालकाला जुनी दिसाया पायजे हुती, मग चहाचं पानी मारलं वरून. लई चहा लागला!’’

आमच्या नगरकरांना कमान दिसली की निजामशाही आठवते. कल्याणला तर आधी आठवते.

१० नोव्हेंबर
बाजारात मोनिकाला गाठलं — कल्याणची बायको. कानात सांगितलं: झुडपात एक वेस सापडलीय, कुणाला बोलू नकोस, मीच फोटो पाठवणार आहे. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून तर तिला सांगितलं.

१३ नोव्हेंबर
कल्याण कॅमेरा घेऊन बाभळीत शिरताना कारभारीनं पाहिला. शर्ट फाटला म्हणे. आहाहा!

२३ नोव्हेंबर, रविवार
पहिला क्रमांक — ‘निजामशाहीकालीन अज्ञात वेस’! छायाचित्रकार कल्याण!

शाल खांद्यावर पडू दिली. मग उठले, माईक मागितला, कारभारीला पुढं बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, ‘‘कमान माजी हाय सायेब. निजाम न्हाई, म्या बांदली.’’ आधी कुणाला कळेचना. मग चहाच्या पाण्याचं सांगितलं, तेव्हा अख्खं सभागृह हसलं. परीक्षकसुद्धा.

कल्याणनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. माझ्याकडे पाहिलं, आणि सहादेव सरांकडे वळला.

घरी येऊन दोन वाट्या खीर खाल्ली. वर्षभरात असं जेवले नव्हते.

२४ नोव्हेंबर
दुपारपासून कल्याणचे सात मिस्ड कॉल. मेसेजही आलाय. सहादेव सरांचा एक कॉल — तेही त्याचीच वकिली करणार. उघडते कशाला! तळमळू दे मेल्याला. फोन कपाटात टाकला.

२७ नोव्हेंबर
सकाळी वसतिगृह पाडलं. कारभारीनं येऊन सांगितलं. ‘‘खिडकी बी गेली, आक्का.’’

आत्ता कल्याणचा तो मेसेज उघडला. सोमवार, दुपारी दोन दहा. ‘‘वेस बाद झाली. तिच्या जागी वसतिगृह घ्यायला मंडळाला मी तयार केलंय. तुझा फोटो लगेच पाठव, पाचच्या आत अर्ज द्यायचाय. नाव तुझंच टाकतो. चुकलो मी.’’

फोटो टेबलावर आहे. मागं माझंच नाव आहे.